दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग विद्यापीठ

एप्रिल महिना आला की आपल्या मराठी मंडळांतल्या गप्पांचा विषय ठरलेला असतो. पाडव्याच्या कार्यक्रमात हातात श्रीखंडाची वाटी असते आणि बारावीतल्या मुलांच्या आईवडिलांना एकच प्रश्न असतो, "मग, कुठे मिळाली?" उत्तरात मोठं नाव आलं की अभिनंदन होतं. मध्यम नाव आलं की "तेही छानच आहे हो" असा दिलासा मिळतो. आणि "कम्युनिटी कॉलेज" असं उत्तर आलं की विचारणाऱ्या काकू आवाज खाली आणून म्हणतात, "घरी सगळं बरं आहे ना?" त्यातून मुलगा किंवा मुलगी तिथे जाऊन लिबरल आर्ट्स शिकणार आहे असं कळलं, तर काकू पुढचं काही विचारतच नाहीत.

माझ्या मुलीने २०२३ साली हायस्कूल संपवून घरापासून वीस मिनिटांवरच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. दोन वर्षं तिथे इतिहास, इंग्रजी, तर्कशास्त्र, संख्याशास्त्र वगैरे विषय शिकून २०२५ साली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका शाखेत, म्हणजे एका यूसीत, तिसऱ्या वर्षाला दाखल झाली. विषय इतिहास. मी स्वतः इंजिनिअर, त्यातली पीएच.डी. झालेला आणि गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअरवर पोट भरणारा माणूस. त्यामुळे आमच्या घरात हे "असं कसं झालं" याचं अनेकांना कुतूहल आहे. ज्यांची मुलं आता अकरावी-बारावीत आहेत असे मित्र अधूनमधून फोन करून हळू आवाजात चौकशी करतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं व्यवस्थित लिहून काढावं, म्हणून हा लेख. उदाहरण कॅलिफोर्नियाचं घेतलं आहे, कारण तिथली व्यवस्था मी जवळून पाहिली आहे. इतर राज्यांबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

हा प्रकार आला कुठून?

आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हटलं की अकरावी-बारावी डोळ्यांसमोर येते, आणि इथल्या कम्युनिटी कॉलेजला पूर्वी ज्युनिअर कॉलेजच म्हणत. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत असते की हे हायस्कूलचंच लांबलेलं शेपूट असावं. वस्तुस्थिती तशी नाही. १९०१ साली शिकागोजवळच्या जोलिएट गावात पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज सुरू झालं. त्यामागे दोन माणसं होती, शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन. कल्पना साधी होती. चार वर्षांच्या पदवीतली पहिली दोन वर्षं सर्वसाधारण शिक्षणाची असतात. ती विद्यार्थ्याने आपल्या गावात, घरी राहून पुरी करावीत आणि पुढच्या दोन वर्षांसाठी विद्यापीठात जावं. म्हणजे ज्याला आपण ट्रान्सफर म्हणतो, ती सोय मागाहून चिकटवलेली नाही. या कॉलेजांचा जन्मच त्यासाठी झाला.

कॅलिफोर्नियात १९०७ साली कायदा झाला आणि १९१० साली फ्रेझ्नोला पहिलं असं कॉलेज निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४४च्या जी. आय. बिलाच्या आधाराने लाखो सैनिक शिकायला परतले. १९४७ साली ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगावी अशी कॉलेजं काढायची शिफारस केली आणि "कम्युनिटी कॉलेज" हे नाव रूढ झालं. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. क्लार्क कर हे त्याचे मुख्य शिल्पकार. हायस्कूलच्या पहिल्या एक अष्टमांश मुलांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, पहिल्या एक तृतीयांश मुलांसाठी स्टेट कॉलेजं (आताची सी.एस.यू.), आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांसाठी खुलं, अशी ती वाटणी होती.

ही वाटणी ऐकून कुणालाही वाटेल की ही तर सरळसरळ उतरंड झाली. पण त्या योजनेत आणखी एक कलम होतं आणि सगळा न्याय त्या कलमात आहे. विद्यापीठांनी वरच्या दोन वर्षांत कम्युनिटी कॉलेजमधून येणाऱ्या मुलांसाठी जागा राखायच्या. सतराव्या वर्षी जे मूल पहिल्या अष्टमांशात नव्हतं, त्याला एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी त्याच विद्यापीठात पोचायचा रीतसर रस्ता मिळाला. आजही पहिल्या वर्षाला येणाऱ्या दर दोन मुलांमागे एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा असं कॅलिफोर्निया विद्यापीठाचं उद्दिष्ट आहे. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि त्यांत सुमारे वीस लाख लोक शिकतात.

पदवीवर शेवटी विद्यापीठाचंच नाव असतं, पहिली दोन वर्षं कुठे काढली ते लिहिलेलं नसतं. ॲपलचा स्टीव्ह वॉझनिॲक बर्कलीला जाण्यापूर्वी कुपर्टिनोच्या डी ॲन्झा कॉलेजात होता. अंतराळयानाची पहिली स्त्री कमांडर आयलीन कॉलिन्स हिने न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करून १९७८ साली सिरॅक्यूज विद्यापीठाची पदवी घेतली. टॉम हँक्स हेवर्डच्या शाबो कॉलेजचा विद्यार्थी होता आणि त्याचं ऋण त्याने जाहीरपणे लिहून मान्य केलं आहे.

लिबरल आर्ट्स म्हणजे "आर्ट्सला जाणं" नव्हे

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. आपल्या पिढीत दहावीचा निकाल लागला की टक्क्यांप्रमाणे माणसं तीन रांगांत उभी केली जायची. सायन्स, कॉमर्स आणि उरलेले आर्ट्स. त्यामुळे आर्ट्स हा शब्द ऐकला की आपल्या मनात आपोआप "मार्क कमी पडले" असं भाषांतर होतं. लिबरल म्हटलं की काहींना राजकारण आठवतं, तर काहींना चित्रकला.

मूळ अर्थ यापेक्षा फार जुना आहे. रोमन काळात स्वतंत्र नागरिकाला शोभणाऱ्या विद्यांना हे नाव होतं. मध्ययुगात त्या सात मोजल्या जात. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन भाषेच्या. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार संख्येच्या. म्हणजे सातांतल्या चार गणिताकडे झुकणाऱ्या. गणित एका खोलीत आणि भाषा दुसऱ्या खोलीत असं कुंपण त्यात नव्हतं.

आपल्याकडेही हे कुंपण पूर्वी एवढं उंच नसावं. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. त्यांनी अंकगणिताचं शालेय पुस्तक तयार केलं आणि फर्गसनमध्ये गणिताबरोबर इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. पुढे १९०२पासून मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारी अंदाजपत्रकावर त्यांनी जी भाषणं केली, त्यांत आकडे वाचणारा शिक्षक आणि भाषा जाणणारा वक्ता हे दोघे एकत्र बोलत होते. लिबरल आर्ट्सचं शिक्षण माणसाला काय देतं याचं मला सुचणारं हे सर्वांत घरचं उदाहरण आहे.

कॅलिफोर्नियात आज या पायाभूत शिक्षणाचा एक ठरलेला आराखडा आहे. २०२५च्या फॉलपासून त्याचं नाव कॅल-जेटसी. त्यापूर्वी यूसी आणि सी.एस.यू. यांच्यासाठी दोन वेगळे आराखडे होते, ते जाऊन हा एकच आला. त्यात अकरा कोर्स, किमान ३४ सेमिस्टर युनिट्स. इंग्रजी लेखन, चिकित्सक विचार आणि वक्तृत्व असे तीन, गणित किंवा संख्याशास्त्राचा एक, कला आणि मानव्यविद्यांचे दोन, समाजशास्त्रांचे दोन, भौतिक आणि जीवशास्त्राचा एकेक (त्यांपैकी एकाला प्रयोगशाळा हवी) आणि एथ्निक स्टडीजचा एक. मुलगी इतिहासाची असो किंवा मुलगा इंजिनिअरिंगचा, हे विषय कुठल्या ना कुठल्या रूपात सगळ्यांनाच भेटतात.

तिथे प्रत्यक्ष काय शिकवतात?

इथे मी एका गोष्टीचा साक्षीदार आहे. पीएच.डी. करताना मी मोठ्या विद्यापीठात टीचिंग असिस्टंट होतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात काहीशे मुलं असत. त्यांचे पेपर आम्ही तपासत असू आणि प्राध्यापकांना त्यांतली चार-पाचच मुलं नावाने माहीत असत. कम्युनिटी कॉलेजात प्राध्यापकांचं मुख्य काम शिकवणं हेच असतं. मुलीच्या वर्गात तीस-पस्तीस विद्यार्थी असायचे. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीच्या बाईंनी तिचा पहिला निबंध तीनदा परत पाठवला. भाषा चांगली होती, पण "तुझं म्हणणं काय आहे ते तिसऱ्या पानापर्यंत कळत नाही" असा शेरा होता. माझ्या कामात मी जी डिझाइन डॉक्युमेंट्स रोज वाचतो, त्यांतल्या निम्म्यांवर हाच शेरा मारता येईल.

तर्कशास्त्राचा गृहपाठ ती जेवणाच्या टेबलावर करत असे. एकदा डोकावून पाहिलं तर आम्ही ज्याला बूलियन बीजगणित म्हणतो तेच होतं. फरक एवढाच की तिथे ते राजकारण्यांच्या भाषणांवर आणि वर्तमानपत्रातल्या अग्रलेखांवर चालवायचं होतं.

आणि एथ्निक स्टडीजच्या कोर्समधून आमच्या घरात एक असा विषय आला जो मला पंचवीस वर्षं या देशात राहून पुरता माहीत नव्हता. १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. १९४६च्या ल्यूस-सेलर कायद्याने ती बंदी उठली, पण वर्षाला अवघे शंभर जण येऊ शकतील एवढंच दार उघडलं. १९६५च्या कायद्यानंतर ते खऱ्या अर्थाने उघडलं आणि आपल्यासारखे डॉक्टर-इंजिनिअर येऊ लागले. मुलीने गदर चळवळीवर निबंध लिहायला घेतला तेव्हा तिला वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे सापडले. शिकायला अमेरिकेत आले, गदरच्या पायाभरणीत होते आणि पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नाव काढलं. तिने आजीला फोन करून विचारलं. आजीला नाव माहीत होतं. त्या दिवशी दोघी तासभर बोलत होत्या, एरवी त्यांचा फोन "जेवलीस का" आणि "अभ्यास कसा चाललाय" यात पाच मिनिटांत संपतो.

वर्गात तिच्याबरोबर सैन्यातून परत आलेला एक तिशीचा गृहस्थ होता, रात्रपाळी करून सकाळी येणारी एक नर्सिंग असिस्टंट होती, दोन मुलांची आई होती. मजुरीचा इतिहास शिकताना ज्यांनी मजुरी केली आहे असे लोक शेजारी बसलेले असले की चर्चेचा रंग बदलतो. आपल्या मुलांचं जग बहुतेक वेळा चांगल्या शाळेचा पिनकोड, रविवारची बालविहार शाळा आणि रोबॉटिक्सचा क्लब यांत सामावलेलं असतं. त्यांना हा शेजार कुठल्याही महागड्या विद्यापीठात इतक्या सहज मिळणार नाही.

ट्रान्सफरची यंत्रणा

आता कामाचं बोलू. ही यंत्रणा मी इंजिनिअरच्या डोळ्यांनी पाहिली आणि मला ती दोन सिस्टिम्समधल्या इंटरफेससारखी वाटली. स्पेसिफिकेशन नीट वाचलं तर सगळं जुळतं. अंदाजाने गेलात तर जुळत नाही आणि चूक शेवटी कळते. तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात.

पहिली म्हणजे पायाभूत विषय, वर सांगितलेले. दुसरी म्हणजे मुख्य विषयाची पूर्वतयारी. विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात इतिहास किंवा अर्थशास्त्र घ्यायचं तर त्यापूर्वी कोणते कोर्स हवेत, हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. आपल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठाच्या कुठल्या कोर्सबरोबर बरोबरीचा धरला जातो, याची राज्याची अधिकृत यादी असिस्ट नावाच्या संकेतस्थळावर आहे. आमच्या घरी ती यादी छापून फ्रिजवर लावली होती. तिसरी गोष्ट म्हणजे युनिट्स आणि ग्रेड. यूसीसाठी ट्रान्सफर होणारी ६० सेमिस्टर युनिट्स (किंवा ९० क्वार्टर युनिट्स) लागतात. किमान जी.पी.ए. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी २.४ असला तरी चांगल्या शाखांना प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त लागतो.

दोन हमीपत्रं लक्षात ठेवावीत. यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा शाखा अटी पुऱ्या करणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. त्याला टॅग म्हणतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांत नाहीत. टॅग एकाच शाखेसाठी मागता येतो आणि इंजिनिअरिंगसारख्या काही विषयांना काही ठिकाणी तो लागू नसतो. सी.एस.यू.साठी २०१०च्या कायद्याने आलेली असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर आहे. ६० युनिट्सची ही पदवी घेतली की सी.एस.यू.मध्ये प्रवेश नक्की, आणि पुढच्या ६० युनिट्समध्ये बी.ए. पुरी करता येते. मात्र ही हमी सी.एस.यू.मधल्या कुठल्यातरी शाखेची आहे, आपल्या मनातल्या शाखेची नाही.

आता वेळापत्रक पाहा, कारण खरी गोम इथे आहे. आपण म्हणतो दोन वर्षं. पण टॅगचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात आणि यूसीचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात करायचा असतो. जानेवारीत नव्या ग्रेड कळवायच्या, एप्रिलअखेर निकाल. म्हणजे कॉलेजात पाऊल टाकल्यापासून जेमतेम सव्वा वर्षात विद्यापीठ आणि विषय दोन्ही ठरवावे लागतात. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला काउन्सेलरची वेळ घेऊन चार सेमिस्टरचा लेखी आराखडा करून घ्यावा.

पैशांचा हिशेब

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी २०१२पासून युनिटमागे ४६ डॉलर आहे. ६० युनिट्सचे झाले २,७६० डॉलर. त्यात किरकोळ शुल्क आणि पुस्तकं धरा. शिवाय पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्ण वेळ विद्यार्थ्यांची दोन वर्षांची फी अनेक कॉलेजं माफ करतात. यूसीत रहिवाशांची फीच वर्षाला साधारण १४-१५ हजार डॉलर, आणि खोली-जेवणाचा खर्च बऱ्याचदा फीपेक्षा जास्त. दोन वर्षांचा फरक काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

पण मला यातला महत्त्वाचा भाग वेगळा वाटतो. वर्षाला साठ-सत्तर हजार डॉलर मोजणाऱ्या घरात मुलाने "मला मानववंशशास्त्र करून बघायचंय" असं म्हटलं, की बापाच्या चेहऱ्यावर हिशेब उमटतो आणि मुलाला तो दिसतो. तीन युनिटच्या कोर्सला १३८ डॉलर पडत असतील तर मूल मोकळेपणाने एखादा विषय चाखून पाहू शकतं. आमच्या मुलीने पहिल्या वर्षी मानसशास्त्राचा कोर्स घेतला. तो तिला आवडला, पण आयुष्यभर करावा इतका नव्हे. ही माहिती १३८ डॉलरला मिळाली. मला ती स्वस्त वाटते.

धोके

आता दुसरी बाजू, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. देशभराचा विचार केला तर कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश चार वर्षांच्या कॉलेजात पोचतात, आणि सहा वर्षांत बॅचलर्स पदवी हातात पडते ती सुमारे सहांतल्या एकाला. यांतल्या अनेकांवर नोकरीचा, संसाराचा भार असतो आणि काहींना पदवी नकोच असते. तरीही हा आकडा गंभीर आहे. या वाटेवर फाटे फार आहेत.

एक फाटा युनिट्स वाया जाण्याचा. अमेरिकी संसदेच्या जी.ए.ओ. या तपासणी खात्याने २०१७ साली काढलेल्या अंदाजाप्रमाणे कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स बदलताना गळाली होती. राज्याच्या कॉलेजातून त्याच राज्याच्या विद्यापीठात, लेखी कराराप्रमाणे गेलं तर ही गळती पुष्कळ टळते. राज्याबाहेर किंवा खासगी विद्यापीठात जायचं असेल तर त्यांच्याकडून कोर्सवार मान्यता आधीच विचारून घ्यावी.

दुसरा फाटा नावाचा. अनेक कॉलेजांत "लिबरल आर्ट्स" याच नावाची दोन वर्षांची पदवी असते. ती चांगली आहे, पण थोडं यातलं, थोडं त्यातलं करून ती मिळवली तर विद्यापीठातल्या विशिष्ट विषयाची पूर्वतयारी त्यात होतेच असं नाही. मूल हुशारीने ६० युनिट्स पुरी करतं आणि मग कळतं की अर्थशास्त्राला लागणारं कॅल्क्युलस राहिलंच. म्हणून विषय चाखायचे ते पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये, आणि चाखतानाही कॅल-जेटसीच्या चौकटीत बसतील असे.

तिसरा फाटा वेगाचा. पूर्ण वेळ विद्यार्थी म्हणवून घ्यायला सेमिस्टरला १२ युनिट्स पुरतात, पण दोन वर्षांत ६० करायची तर दर सेमिस्टरला १५ लागतात, नाहीतर उन्हाळ्यात वर्ग घ्यावा लागतो. दरवेळी तीन युनिट्स मागे पडली की दोनाची अडीच-तीन वर्षं होतात आणि उत्साह ओसरतो.

आणि एक नुकसान आहे ज्याला उपाय नाही. वसतिगृह नसतं. विद्यापीठात पहिल्या वर्षी ज्या मैत्री होतात त्या तिसऱ्या वर्षी येणाऱ्याला नव्याने जुळवाव्या लागतात. आमची मुलगी पहिल्या वर्षी एकटी पडली होती. मैत्रिणी दूरच्या गावांतून फोटो पाठवायच्या आणि ही जेवून घरच्याच टेबलावर अभ्यासाला बसायची. पुढे कॉलेजच्या वादविवाद मंडळात गेल्यावर थोडं बरं वाटलं. आईवडिलांनी हे आधी ओळखून मुलाला क्लब, ग्रंथालयातलं काम, ट्यूटरिंग अशा कशाततरी गुंतायला उत्तेजन द्यावं. वर्ग सुटला की गाडीत बसून घरी, असं रोज होऊ देऊ नये.

व्हिसावर असलेल्या कुटुंबांसाठी

आपल्यातली अनेक कुटुंबं एच-१ वर आहेत आणि ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी आहेत. त्यांच्या मुलांना एच-४ वर शिकता येतं, वेगळा स्टुडंट व्हिसा लागत नाही. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य सिद्ध झालं की रहिवाशांची फी लागू होऊ शकते. पण केंद्र सरकारची आर्थिक मदत एच-४च्या मुलांना मिळत नाही, म्हणून पहिल्या दोन वर्षांची बचत या कुटुंबांना सर्वांत जास्त मोलाची. त्याचबरोबर एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो. तोपर्यंत ग्रीन कार्ड आलं नाही तर स्टुडंट व्हिसा घ्यावा लागतो, आणि तेव्हा रहिवाशाची फी चालू राहील की नाही हा प्रश्न उभा राहतो. रहिवासी नसलेल्यांची फी कित्येक पट असते. हा वाढदिवस बहुधा ट्रान्सफरच्या सुमारासच येतो. त्यामुळे चार सेमिस्टरच्या आराखड्यावर ती तारीख लाल शाईने लिहावी, आणि वकील व कॉलेजचं ॲडमिशन ऑफिस दोघांशी वर्षभर आधी बोलावं.

इतर राज्यांत

फ्लोरिडात सार्वजनिक कॉलेजातून ए.ए. पदवी घेतलेल्याला राज्याच्या विद्यापीठांपैकी एकात प्रवेशाची हमी असते. न्यू जर्सीने २००७ साली कायदा करून कम्युनिटी कॉलेजची ए.ए. आणि ए.एस. पदवी राज्याच्या विद्यापीठांत पुरती मान्य व्हावी अशी व्यवस्था केली. व्हर्जिनियात नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज आणि जॉर्ज मेसन विद्यापीठ यांचा ॲडव्हान्स नावाचा जोडकार्यक्रम २०१८पासून आहे. प्रत्येक राज्याचा करार वेगळा, पण विचारायचे प्रश्न तेच. कुठला कोर्स कशाच्या बरोबरीचा? हमी कुठल्या शाखेची, कुठल्या विषयाची? अर्जाची तारीख कोणती?

कुणी जावं?

ज्या मुलाला सतराव्या वर्षी विषय पक्का ठाऊक आहे, हव्या त्या ठिकाणी प्रवेश मिळाला आहे आणि घरची ऐपत आहे, त्याने सरळ तिथेच जावं. पण ज्याला वाचायची आवड आहे आणि विषय अजून ठरलेला नाही, ज्याचे हायस्कूलचे मार्क त्याच्या वकुबापेक्षा कमी आहेत, किंवा ज्याच्या घरी धाकटी भावंडं आणि म्हातारे आईवडील यांचाही खर्च आहे, त्याच्यासाठी ही वाट उत्तम आहे. तीन अटी मात्र हव्यात. आराखडा लेखी असावा, सेमिस्टरला १५ युनिट्स पेलायची तयारी असावी, आणि घरात कुणी "फक्त कम्युनिटी कॉलेज" हा शब्दप्रयोग करू नये. मुलं वर्गात मागे पडतात त्याला अवघड गणित जितकं कारण असतं, तितकंच आपण कुठल्यातरी खालच्या जागी आहोत ही भावनाही असते, आणि ती भावना बहुतेक वेळा घरातूनच बरोबर गेलेली असते.

इतिहास शिकून पुढे नोकरी काय, हा प्रश्न उरतोच. माझी मुलगी कायद्याकडे जाईल, शिक्षक होईल की संग्रहालयात काम करेल, हे आज आम्हाला ठाऊक नाही. ती पन्नास पानांचा दस्तऐवज वाचून त्यातला मुद्दा दोन परिच्छेदांत मांडू शकते, समोरच्याचा युक्तिवाद कुठे ढिला आहे ते दाखवू शकते आणि चाळीस लोकांपुढे उभी राहून बोलू शकते. नोकरीसाठी मुलाखती घेताना मला ही तीन कौशल्यं एकत्र असलेली माणसं फार क्वचित भेटतात.

ज्यांची मुलं यंदा अकरावीत आहेत त्यांनी उन्हाळ्यात मुलाला बरोबर घेऊन जवळच्या कॉलेजात एक चक्कर मारावी, एखाद्या वर्गात मागे बसायची परवानगी मागावी आणि काउन्सेलरला वर दिलेले तीन प्रश्न विचारावेत. आमचा फ्रिजवरचा आराखडा मी जपून ठेवला आहे. कुणाला नमुना म्हणून पाहायचा असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला जरूर सांगावं, प्रत घेऊन येईन.